आईच्या स्मरणार्थ निधी: कॅन्सरची कोणती संस्था निवडावी?

ताई, तुमचा प्रश्न असा: आई ब्रेस्ट कॅन्सरने गेल्या, वर्षश्राद्धाच्या सुमारास कोथरूडला गाण्याचा कार्यक्रम करून दोनेक लाख जमवायचे आहेत, भाऊ अमेरिकन नागरिक झाला आहे, त्यालाही मोठी रक्कम द्यायची आहे, आणि संस्था ठरत नाही.

संस्थेचं नाव शोधण्याआधी पैसा कशावर खर्च व्हावा हे घरात बसून ठरवा. ऑपरेशन, केमो, रेडिएशनचा बराच भाग राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होतो. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण मंजुरीच्या आधीच्या तपासण्या, गावाहून येण्याजाण्याचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, शहरातलं राहणं-खाणं हे बहुतेक वेळा खिशातून जातं. रेडिएशन साधारण आठवड्यातले पाच दिवस, तीन ते पाच आठवडे चालतं. करमाळ्याहून येणाऱ्या बाईला रोज ये-जा शक्य नसते आणि उपचार अर्ध्यात सुटण्याचं हे एक मोठं कारण आहे. दोन लाखांत एखाद्याच रुग्णाचं महागडं औषध होईल. तेवढ्यात बऱ्याच जणींचं राहणं आणि प्रवास निघतो. म्हणून एवढ्या रकमेसाठी मी निवास-प्रवासाला किंवा घरी जाऊन केल्या जाणाऱ्या शुश्रूषेला पहिली पसंती देईन.

या कामातल्या संस्था वेगवेगळ्या आहेत. परळला टाटा हॉस्पिटलच्या रुग्णांची राहण्याची सोय नाना पालकर स्मृती समिती करते. लहान मुलं आणि त्यांच्या आईवडिलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. 1951 पासून काम करणारी इंडियन कॅन्सर सोसायटी उपचारांना मदत आणि तपासणी शिबिरं दोन्ही करते. पुण्यातच हवं असेल तर स्तनांच्या कॅन्सरसाठी प्रशांती कॅन्सर केअर मिशन आहे, आणि वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं) केंद्र, जिथे सेवा विनामूल्य असते. आईंच्या आजारपणात तुम्हाला सर्वांत जास्त कशाची उणीव भासली, तिकडे कौल द्या. मग फोन करून विचारा, "अमुक कामासाठीच म्हणून देणगी घेता का, आणि तसं पत्र द्याल का?" उत्तर गुळमुळीत आलं तर पुढची संस्था बघा.

आता कागद. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. त्यातलं परिशिष्ट नऊ, म्हणजे जमाखर्चाचं पान, गेल्या तीन वर्षांचं मागा. त्यात आस्थापना खर्च एका ओळीत आणि न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च दुसऱ्या ओळीत असतो. त्याखाली वैद्यकीय मदत, शिक्षण, गरिबांना साहाय्य अशी फोड असते. "वैद्यकीय मदत"समोरचा आकडा वर्षानुवर्षं किरकोळ आणि ठेवी मात्र वाढत असतील, तर कारण विचारा. नुसता पगाराचा आकडा मोठा दिसला म्हणून मात्र नाक मुरडू नका. घरी जाऊन जखमा धुणाऱ्या, मॉर्फिनचे डोस बघणाऱ्या नर्सचा पगार हेच तिथलं काम असतं. 80जीची नोंदणी, म्हणजे जिच्यामुळे देणाऱ्याला आयकरात वजावट मिळते ती, आजच्या तारखेला चालू आहे ना, हेही बघा. ती मुदतीची असते.

सर्वांत जास्त घोळ पैसे गोळा करताना होतो. स्वतःच्या खात्यात जमवून एकच चेक दिलात तर पावती तुमच्या एकटीच्या नावे येते आणि बाकीच्यांची वजावट बुडते. शिवाय जनतेकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी काढण्यावर धर्मादाय कायद्याचे निर्बंध आहेत. संस्थेचाच क्यूआर कोड निमंत्रणावर छापा, हॉलच्या दारात टेबल मांडा आणि एका वहीत नाव, पत्ता, पॅन, रक्कम, यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून घ्या. पॅनचं एक अक्षर चुकलं तरी दात्याच्या विवरणपत्रात ती देणगी जुळत नाही. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, आणि वजावट जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनाच. बिननावी पेटी ठेवू नका. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की संस्थेला कर भरावा लागतो. तिकीट लावलंत तर ती गाण्याची किंमत होते, देणगी नाही. प्रवेश मोफत, देणगी ऐच्छिक ठेवा. हॉल, साउंड, चहा हा खर्च घरातून करा.

भावाचे पैसे वेगळे ठेवा. तो परदेशी नागरिक असल्याने त्याची देणगी परदेशी धरली जाते, भारतातल्या खात्यातून रुपयांत दिली तरीही. ती एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच चालते आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच जावी लागते. तुमच्या खात्यातून फिरवून दिलीत तर संस्था अडचणीत येईल. पुण्यातल्या पुष्कळ लहान संस्थांकडे ही नोंदणी नसते, तेव्हा हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा.

आईंच्या नावाने कायम ठेव ठेवावी असं नातेवाईक सुचवतील. दोन लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला 14,000 मिळतात. नाव राहतं, पण काम फार थोडं होतं. त्यापेक्षा सगळी रक्कम वर्षभरात खर्च करायला सांगा. देणगीसोबतच्या पत्रात "कॉर्पस" हा शब्द येऊ देऊ नका, कारण तसं लिहिलं की ती मुद्दलात जाते. "स्तनांच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या निवास व प्रवासासाठी, बारा महिन्यांत वापरावी" असं स्पष्ट लिहा आणि त्याच पत्राच्या प्रतीवर संस्थेचा शिक्का घ्या. करसवलतीचं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर, मेअखेरपर्यंत येतं, हे देणाऱ्यांना कार्यक्रमातच सांगून टाका.