कफ्र अकबला पोलीस कुणाचे?

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेखाचा कच्चा खर्डा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच परिच्छेदात ‘पॅलेस्टिनी समाजाला कायद्याचं वावडं आहे’ असं तू ठोकून दिलं आहेस. ते वाक्य काढून टाक. तिथे कायदे कमी नाहीत, उलट नको तितके आहेत. ऑटोमन काळातले जमिनीचे नियम, ब्रिटिशांचे अध्यादेश, इस्रायलचे लष्करी हुकूम आणि वर रामल्लाच्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे, म्हणजे तिथल्या मर्यादित स्वशासनाचे, कायदे. खुनाच्या गुन्ह्याला वेस्ट बँकेत जॉर्डनची 1960 ची दंडसंहिता लागते, तर गाझात ब्रिटिशांची 1936 ची. यातला कुठला कायदा कुणाच्या दारापर्यंत पोचतो, एवढंच शोध. लेख त्याच्यावरच उभा राहू दे.

त्यासाठी एक वस्ती धर. कफ्र अकब घे. जेरुसलेमच्या उत्तरेला, कलंदियाच्या इस्रायली तपासणी चौकीच्या पलीकडे. कागदोपत्री ती इस्रायलच्या अमलाखालच्या जेरुसलेम महापालिकेच्या हद्दीत आहे आणि महापालिका तिथून कर घेते. पण इस्रायलने 2000 नंतर बांधलेली विभाजक भिंत अशी वळवली की वस्ती बाहेर पडली. पॅलेस्टिनी पोलिसांना तिथे परस्पर पाय ठेवायची मुभा नाही. इस्रायली पोलीस सहसा फिरकत नाहीत, आले तर फौजफाटा घेऊन धाड घालायला येतात. मग परवानगीविना बांधलेल्या उंच इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहतात, आणि दुसरीकडे गुन्हा करून पळालेल्याला लपायला जागा मिळते. तरी लोक तिथे घर घेतात, कारण जेरुसलेमचं ओळखपत्र टिकवायचं तर हद्दीत राहत असल्याचं दाखवावं लागतं आणि भिंतीच्या आतलं भाडं परवडत नाही. या माणसांना तू ‘बेकायदा वस्तीतले’ म्हणून मोकळी झाली आहेस. असं करू नये गं.

इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ओस्लोच्या 1995 च्या करारातले वेस्ट बँकेचे अ, ब, क विभागही तू एका ओळीत उरकलेस. अ मध्ये कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनी, ब मध्ये कारभार पॅलेस्टिनी पण सुरक्षेवर वरचष्मा इस्रायलचा, क इस्रायलच्या हाती. इथे जरा रेंगाळ. ब विभागातल्या एखाद्या गावात मारामारी पेटली, तर शहरातल्या ठाण्यावरून निघणाऱ्या पॅलेस्टिनी गाडीला बहुतेकदा आधी इस्रायली लष्कराशी समन्वय करून परवानगी घ्यावी लागते. ती येईपर्यंत गावात काय घडत असेल? क विभाग म्हणजे वेस्ट बँकेचा सुमारे 60 टक्के भाग. तिथे वसाहतीतल्या इस्रायलीला मुलकी न्यायालय आणि शेजारच्या पॅलेस्टिनीला लष्करी न्यायालय.

पोलीस येत नाहीत तिथे जाहा येते. जाहा म्हणजे वजनदार, पोक्त माणसांचं शिष्टमंडळ. खून झाला की मारेकऱ्याच्या कुळातर्फे ही मंडळी मृताच्या घरी जातात आणि आधी फक्त सूड थांबवायची मुदत मागतात. तिला अत्वा म्हणतात. पुढे समेटाच्या बैठकीत कडू कॉफीचा पेला समोर येतो, पण जाहाचा प्रमुख तो तोंडाला लावत नाही. यजमानाने ‘कॉफी घ्या, तुमचं मागणं मान्य’ म्हटल्यावरच घोट घ्यायचा. रकमेचं तर बघण्यासारखं असतं. मृताच्या बाजूने आधी डोळे फिरवणारा आकडा जाहीर होतो, मग अल्लाच्या मानाखातर इतके सोडले, पैगंबरांच्या मानाखातर इतके, आलेल्या पाहुण्यांसाठी इतके, असं करत तो खाली उतरतो. शेवटी जामीनदार पुढे होतात.

हे वाचून हरखून जाऊ नकोस. या बैठकीत मोठ्या कुळाचं चालतं आणि लहान कुळाला पडतं घ्यावं लागतं. बाई मारली गेली आणि मारणारा तिचाच भाऊ असला, तर तिच्या बाजूने बसणार कोण? मारेकऱ्याच्या ज्या नातलगांचा काडीचा संबंध नाही त्यांनाही कधीकधी गाव सोडावं लागतं. पण म्हणून याला आपल्या जातपंचायतीच्या रांगेत बसवण्याची घाईही नको. हा समेट न्यायालयाला वळसा घालून संपत नाही. कुटुंबाने आपला वैयक्तिक हक्क सोडल्याचा कागद खटल्याच्या फाईलला लागतो आणि शिक्षा हलकी होते. म्हणजे न्यायव्यवस्थेनेच त्याला खुर्ची दिली आहे. तुझ्या लेखातली सगळ्यात नवी गोष्ट हीच ठरेल, तिला जागा दे.

आता नावडता भाग. सगळं इस्रायली ताब्यावर ढकलून सुटता येणार नाही. प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास 2005 मध्ये निवडून आले, मुदत चार वर्षांची होती. विधान परिषदेची, म्हणजे प्राधिकरणाच्या कायदेमंडळाची, निवडणूक 2006 नंतर झालेलीच नाही. 2007 मध्ये हमासने गाझा ताब्यात घेतलं आणि परिषद भरेनाशी झाली. मूलभूत कायद्याच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या हंगामी घटनेच्या, 43 व्या कलमानुसार परिषद भरलेली नसताना, ज्याला थांबून चालणार नाही अशा गरजेपुरते अध्यक्षांना हुकूम काढता येतात. त्या फटीतून शेकडो कायदे आले. 2018 मध्ये घटना न्यायालयाने परिषदच बरखास्त केली, 2019 मध्ये अध्यक्षांनी न्यायाधीशांचं मंडळ बरखास्त केलं. जुलै 2022 मध्ये रामल्लात वकील काळे झगे घालून रस्त्यावर आले ते अशाच हुकुमांविरुद्ध. कायद्याची विद्यार्थिनी असून तुझ्या खर्ड्यात याचा उल्लेख नाही, याचं नवल वाटलं. निझार बनात यांचंही नाव नाही. प्राधिकरणावर जाहीर टीका करणारा हा माणूस 24 जून 2021 ला हेब्रॉनमध्ये सुरक्षा दलाने पहाटे उचलला आणि काही तासांत तो मेला. चौदा जणांवर खटला भरला, तोही लष्करी न्यायालयात, आणि पुढच्याच वर्षी आरोपींना तुरुंगाबाहेर सोडलं.

गाझा मात्र या लेखात कोंबू नकोस. नोव्हेंबर 2024 मध्ये मदतीच्या 109 ट्रकांचा ताफा आत शिरला आणि बहुतेक ट्रक लुटले गेले. त्याआधी त्याच वर्षी, हल्ल्यांत पोलीस मारले गेल्यावर ताफ्यांना पोलिसांची सोबत मिळेनाशी झाली होती. त्याला स्वतंत्र लेख हवा.

वाचायचं तर रामल्लाच्या अल-हक या मानवी हक्क संघटनेचे अहवाल आधी वाच. 1979 पासून ही मंडळी इस्रायलवर लिहीत आली आहेत आणि स्वतःच्या प्राधिकरणालाही त्यांनी सोडलेलं नाही. 2021 मध्ये इस्रायलने त्यांना दहशतवादी ठरवलं, हे तुझ्या वाचकाला सांग आणि मगच त्यांचा दाखला दे.

पुढचा खर्डा दिवाळीआधी पाठव. सोबत नकाशा हवा. हाताने काढलेला चालेल, पण भिंत आणि महापालिकेची हद्द वेगवेगळ्या रंगांत दाखव.