शाळेतल्या प्रकरणात कोर्टाने शिक्षकाला निर्दोष सोडलं, म्हणजे मुलगी खोटं बोलली असंच ना?

नाही. पण हाच प्रश्न, याच शब्दांत, मला दर दिवाळीत घरी ऐकावा लागतो, म्हणून जरा लांबण लावतो.

मी एका खाजगी अनुदानित हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं लिपिक होतो. मराठवाडा, एवढंच सांगतो. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) प्रकरणात मुलीची ओळख पटेल असं काही उघड करता येत नाही, त्यात शाळासुद्धा आली. 2016 च्या डिसेंबरात दहावीतल्या एका मुलीची आजी ऑफिसात आली. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर. आजीचं म्हणणं, प्रयोगशाळेत सामान लावायचंय म्हणून सरांनी पोरीला थांबवून घेतलं आणि नको तिथं हात लावला.

मुख्याध्यापकांनी सरांनाच बोलावलं. मुलीला त्यांच्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "आता सरांच्या तोंडावर सांग." ती काही बोलेना. टेबलावर काच होती, खाली सुट्ट्यांची यादी. त्या काचेच्या कडेवरून तिचं नख तेवढं पुढंमागं फिरत होतं. माझं टेबल तिथून तीन हातांवर. थोड्या वेळाने मुख्याध्यापक माझ्याकडे वळले, "एक फुलस्केप घ्या." 'गैरसमजातून तक्रार केली, आमचे काही म्हणणे नाही' असा मजकूर त्यांनी सांगितला आणि मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेची सगळी प्रमाणपत्रं मीच लिहायचो. खाली मुलीची सही, आजीचा अंगठा. शाईचा पॅडही मीच पुढे सरकवला.

बापाला कुणीतरी कळवलं. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असताना मुकादमाचे हातपाय धरून तो आला आणि एकोणिसाव्या दिवशी फिर्याद झाली.

माझी साक्ष 2018 मध्ये. कायदा म्हणतो खटला शक्यतो वर्षात संपवा, ते सोडा. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, जुन्या चादरीत बांधून एसटीने जिल्ह्याला गेलो. पोक्सो लागायचा तर मुलगी अठराच्या आतली आहे हे आधी सिद्ध व्हायला लागतं, आणि घटनेच्या वेळी तिने दहावीची परीक्षा दिली नव्हती, वयाला बोर्डाचं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून मी आणि माझं रजिस्टर. जन्मतारीख? एक जून 2001. बचावाचे वकील म्हणाले, "या पानावर एक जूनवाले किती आहेत, मोजा." मी बोट ठेवून मोजले. चोवीसात नऊ. कोर्टात हशा पिकला. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायला नको, गुरुजींनी पहिलीत घालताना एक जून लावून टाकायची रीतच होती. न्यायाधीश मॅडम हसल्या नाहीत. "नोंद कशावरून घेतली?" प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून. "प्राथमिक शाळेने कशावरून घेतली ते तुम्ही सांगू शकत नाही?" असे म्हणणे खरे आहे. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना सरकारी वकिलांनी बोलावलंच नव्हतं. ग्रामपंचायतीचा जन्माचा उतारा पोलिसांनी आणला नव्हता.

मग तो फुलस्केप निघाला. अक्षर तुमचं? असे म्हणणे खरे आहे. "हे लिहून घेताना मुलीवर कुणाचा दबाव नव्हता." मुख्याध्यापक बाहेर बाकावर बसलेले. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं, पेन्शनचे कागद त्यांच्या सहीने जाणार. मी म्हणालो, असे म्हणणे खरे आहे. टायपिस्टने ते वाक्य ठोकलं, तो आवाज अजून कानात आहे.

2019 ला निकाल. निर्दोष. कारणं चार: फिर्यादीला उशीर, तो 'गैरसमजा'चा कागद, वय सिद्ध नाही, आणि साक्षीदार मैत्रीण फितूर. पोक्सोच्या कलम 29 मध्ये गृहीतक आरोपीच्या विरुद्ध जातं, म्हणजे काही केलं नाही हे त्यानेच दाखवायचं. पण वयच सिद्ध नाही म्हटल्यावर ते गृहीतक गेलं, आणि उरली एका पोरीची साक्ष विरुद्ध माझ्या वळणदार अक्षरातला कागद.

आता तुमचा प्रश्न. निकाल न्याय्य होता का? मॅडमसमोर जे आलं त्यावर त्यांनी दिला. मला विचाराल तर उशिरावर एवढा भर द्यायला नको होता. लुधियानाकडच्या दहावीतल्या एका मुलीच्या प्रकरणात 1985 साली खालच्या कोर्टाने आरोपींना सोडलं होतं. सुप्रीम कोर्टाने 1996 ला तो निकाल फिरवला आणि स्वच्छ सांगितलं की अशा गुन्ह्यात घरचे आधी अब्रूचा विचार करतात, उशीर होणारच, आणि मुलीची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी असेल तर दुसरा आधार शोधत बसायचं कारण नाही. गुरमीत सिंग खटला म्हणतात त्याला. पण आमच्या प्रकरणात अपील झालंच नाही. कोर्टाने चूक केली म्हणायला मला लाज वाटते, कारण कोर्टापुढचा पुरावा आमच्या ऑफिसात बिघडला होता. आणि कलम 19 प्रमाणे असं काही कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापक चुकले तर वर्षापर्यंत कैद, बाकीच्यांना सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे त्या खोलीत गुन्हेगार ठरू शकणारे आम्ही दोघं आणखी होतो. आमच्यावर कुणी बोटसुद्धा उचललं नाही.

आता आमचे थोरले बंधू. दादा त्याच तालुक्यात शिक्षक होते, त्या सरांचे जोडीदार. सर परत हजर झाले तेव्हा हार घालायला दादा होते, पेढे वाटायला दादा होते. तेव्हापासून एकच पालुपद, "कोर्टापेक्षा तू शहाणा का?" बरं. मग 2024 ला बदलापूर झालं. दोन चिमुरड्या, शाळेतला सफाई कामगार आरोपी, लोक रेल्वे रुळावर उतरले, आणि महिन्याभराने तो पोलिसांच्या गोळीने मेला. त्याच्यापुरता खटला तिथंच संपला, दोषी की निर्दोष हे कोर्टाने ठरवायचं राहूनच गेलं. दादांनी घरच्या ग्रुपवर काय टाकलं? "असाच न्याय पाहिजे." सफाई कामगाराला कोर्टच नको, आणि सरांना कोर्टाने सोडलं की तोच देवाचा शब्द! मी एवढंच लिहिलं, "दादा, कोर्टापेक्षा शहाणे कोण?" चार महिने बोलले नाहीत.

त्याच वर्षी नोव्हेंबरात राजस्थानच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. सरकारी शाळेतला शिक्षक, विद्यार्थिनीच्या बापाशी आपसात मिटवलं म्हणून हायकोर्टाने गुन्हाच रद्द केलेला. त्याविरुद्ध गेली ती गावातली परकी माणसं. सुप्रीम कोर्टाने ते मिटवणं मानलं नाही, खटला चालू द्या म्हणाले. वाचताना मला आमचा फुलस्केप दिसत होता. आमच्या गावात परकं माणूस मी होतो.

आता हेही लिहितो, नाहीतर खाली येऊन विचाराल. प्रयोगशाळेत मी नव्हतो. खोट्या तक्रारी होत नाहीत असंही नाही, संस्थेच्या राजकारणात एका बाईंना पुढे करून केलेली एक मी जवळून पाहिली आहे. आणि मी वकील नाही.

तुमच्या शाळेत असं काही चालू असेल तर चौकशीचा दरबार भरवू नका, पोरीकडून काही लिहून घेऊ नका. 1098 ला फोन करा किंवा थेट ठाण्यात जा, आणि जन्माचा उतारा पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा.

आमच्या प्रकरणातल्या मुलीचा दाखला बाप फिर्यादीनंतरच्या एप्रिलातच घेऊन गेला. वर्तणुकीच्या रकान्यात 'समाधानकारक' लिहा, असं मला सांगण्यात आलं होतं. मी 'चांगली' लिहिलं. तेवढीच माझी मर्दुमकी.

निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मी काढून ठेवली आहे. त्यात 'तक्रार खोटी' असे शब्द कुठेही नाहीत, 'संशयाचा फायदा' आहेत. दादा, पान अकरा. चष्मा घेऊन या.