लाईट विझेना, फ्लॉपी वाचेना

प्रश्न: नमस्कार सर, अशोक चौकाजवळ आमचा चादरीचा जुना कारखाना आहे. वडिलांनी सगळी डिझाईन्स साडेतीन इंची फ्लॉपीत ठेवलेत, कॉम्प्युटर जुना ४८६ चा. गड्डा यात्रेच्या सुट्टीत मी डबा उघडून धूळ काढली, वायरींच्या चपट्या पट्ट्या परत लावल्या, तर आता चालू केलं की ड्राईव्हचा लाईट लागतो तो विझतच नाही आणि एकपण फ्लॉपी उघडेना. ड्राईव्ह गेला का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: ड्राईव्ह गेला नसावा बघा, पट्टी उलटी बसलीय. पण आधी मशीन बंद करा आणि वडिलांच्या फ्लॉप्या लांब ठेवा, घालून बघितलेल्या तर वेगळ्याच काढा.

कारण सांगतो. ३४ पिनांच्या पट्टीत विषम नंबरच्या सगळ्या वायरी ग्राऊंड, म्हणजे शून्य व्होल्टच्या, असतात आणि या ड्राईव्हची रीत अशी की सिग्नलची वायर ग्राऊंडला टेकली की हुकूम सुटला. पट्टी उलटी लावली की १ च्या जागी ३४, २ च्या जागी ३३, म्हणजे सगळेच हुकूम एकदम, मोटर चालू, लाईट चालू, आणि २४ नंबरचा ‘लिही’ हा हुकूमपण. मग आत फ्लॉपी असली की वाचणारं-लिहिणारं हेड जिथं उभं असेल तिथलं पुसलं जाऊ शकतं, आणि हेड बऱ्याचदा उभं असतं शून्य ट्रॅकवर, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या वर्तुळावर, जिथं फाईलींचा सगळा हिशोब असतो. लोक ड्राईव्हसाठी रडतात, ड्राईव्ह भंगारात शंभर मिळतील हो.

आता पट्टीची लाल कड १ नंबरच्या पिनेकडं पाहिजे, ड्राईव्हच्या बोर्डावर बारीक आकडा छापलेला असतो, टॉर्च घेऊन शोधा, अंदाजानं लावू नका. पट्टीत १० ते १६ वायरींना पीळ दिलेला असतो, त्या पिळाच्या पुढचं टोक ए ड्राईव्हला, मधलं बी ला. पॉवरचा छोटा कनेक्टर उलटा बसला तर ५ व्होल्टच्या जागी १२ जातात, तेव्हा मात्र ड्राईव्ह खरंच जातो.

आपल्याकडच्या उन्हात पट्ट्या कडक होतात, ओढताना वायर धरून ओढू नका, कनेक्टर धरा. मल्टीमीटरनं एकेक वायर वाजवून घ्या (अखंड असली की बीप वाजतो), पिळातली १० नंबर पलीकडं १६ वर वाजेल, घाबरू नका, तसंच असतं. फ्लॉपी बदलल्याची खबर देणारी ३४ नंबरची वायर नीट बघा, ती तुटली तर फ्लॉपी बदलली तरी मशीन आधीच्याच फ्लॉपीची यादी दाखवतं, आणि त्या भ्रमात काही सेव्ह केलं तर दुसरी फ्लॉपीपण गेली.

लाईट विझला की पहिल्यांदा एखादी टाकाऊ फ्लॉपी घाला. ती वाचली तर मग वडिलांची, तीपण कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करून, आणि डिझाईन उघडून बघत बसण्याआधी कॉपी करा.