पुण्यातली भाड्याच्या सायकलींची योजना लोकांनी सायकली चोरल्या-मोडल्या म्हणून बुडाली का? आमच्या गावात चालेल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमची नगरपरिषद ॲपवर चालणाऱ्या सायकली आणतेय, वार्षिक पास आत्ताच काढला तर सवलत आहे, आणि तुमचे भाऊजी म्हणतात, "पैसे पाण्यात घालू नकोस, पुण्यात लोकांनी सायकली कालव्यात टाकल्या, आपल्या लोकांची लायकीच नाही." भाऊजींना माझा नमस्कार सांगा. पुण्यात त्या सायकलींच्या मागे टेम्पो घेऊन फिरणाऱ्यांपैकी मी एक होतो. लायकीची भाषा मी तेव्हापासून ऐकतोय आणि आता कान किटलेत.

आधी चोरीचं बघू. पॅरिसमध्ये 2007 साली व्हेलिब नावाची योजना सुरू झाली. दोन वर्षांतच सुरुवातीच्या साधारण 20 हजार सायकलींपैकी 80 टक्के चोरीला गेल्या किंवा मोडल्या, अशा बातम्या जगभर छापून आल्या. मोबाइक या चिनी सायकल-कंपनीने 2018 मध्ये इंग्लंडमधलं मँचेस्टर सोडलं ते चोऱ्या आणि मोडतोडीचं कारण देऊनच. आता पॅरिसकरांची लायकी भाऊजींनी ठरवावी. पण तिथल्या महापालिकेने योजना गुंडाळली नाही. मोडक्या सायकली दुरुस्त केल्या, गेल्या तिथे नव्या आणल्या, 2018 मध्ये ठेकेदार बदलला, आणि व्हेलिब अजून चालू आहे. चोरी सगळीकडेच होते. चोरी धरून खर्चाचा हिशेब मांडलाय की नाही, एवढाच फरक.

पुण्याचा घटनाक्रम बहुतेकांना माहीतच आहे. महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमाराला विद्यापीठाच्या आवारात आणि औंधात पहिल्या सायकली दिसल्या, मग एकेक कंपनी येत गेली. भाडं इतकं कमी की पोरं चहाच्या पैशात तासभर फिरत. ओफो या दुसऱ्या चिनी कंपनीने 2018 मध्येच भारतातून गाशा गुंडाळला, मोबाइक आधी मेइतुआन या बड्या चिनी कंपनीने विकत घेतली आणि पुढच्या वर्षी परदेशातला बराचसा पसारा आवरला. यातलं काहीही कोथरूडच्या किंवा औंधच्या माणसाच्या वागण्यामुळे झालेलं नाही. ओफोची चीनमध्येच इतकी वाट लागली होती की डिसेंबर 2018 मध्ये अनामत परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग 1 कोटीच्या पुढे गेली होती. म्हणजे सायकल बुडाली ती पुण्याच्या कालव्यात नाही, बीजिंगच्या खातेवहीत.

मी ज्या कंपनीच्या सायकली सांभाळायचो तिचं नाव घेत नाही, आणि मी थेट कंपनीचा माणूसही नव्हतो. देखभालीचा ठेका ज्याला दिला होता त्याच्याकडे सुपरवायझर. हाताखाली दोन पोरं आणि एक छोटा हत्ती. काम सांगायला सोपं होतं: जिथे सायकली साचल्यात तिथून उचला, जिथे नाहीत तिथे टाका, मोडलेल्या शेडमध्ये आणा. कोथरूड डेपोपासून डेक्कनकडे उतार आहे हे पुण्यात शाळकरी पोरालाही कळतं. सकाळी लोक उतरणीने मजेत खाली यायचे आणि संध्याकाळी चढाला पीएमटी पकडायचे. दुपारपर्यंत डेक्कनला फुटपाथवर सायकलींचा खच आणि वर डेपोजवळ ॲपमध्ये एकही नाही. हे फक्त पुण्यात होतं असं नाही. पॅरिसमध्ये टेकडीवरच्या स्टँडला सायकल नेऊन लावली तर जादा मिनिटं बक्षीस मिळायची, कारण तिथेही चढावर कोणी जात नाही. आमच्याकडे बक्षीस नव्हतं, आमचा टेम्पो होता. त्याचं डिझेल, पोरांचे पगार आणि दिवसभराची हमाली त्या रुपया-दोन रुपयांच्या भाड्यातून निघणार कशी, हे विचारलं की कंपनीचे साहेब म्हणायचे, "ते तू बघू नकोस, युजर बेस वाढू दे."

एक किस्सा सांगतोच. बाणेरला एका सोसायटीच्या तळघरात एक सायकल आठवडाभर "हरवलेली" दाखवत होती. तळघरात रेंज नसते, त्यामुळे सायकल कुठे आहे ते कळवणारं कुलपातलं सिम मुकं होतं आणि नकाशावर सायकल नाहीशी होते. आम्ही वॉचमनला घेऊन खाली उतरलो, तर सायकल एकदम चकाचक, पुसून ठेवलेली, आणि तिला वरून स्वतःची साखळी आणि नवतालचं कुलूप! एक निवृत्त काका लिफ्टमधून खाली आले आणि माझ्यावरच उखडले. "मी पास काढलाय. रोज सकाळी साडेपाचला मला लागते. बाहेर ठेवली की दुसरा कोणी नेतो, मग मी काय करू?" मी म्हटलं, काका, सार्वजनिक सायकल आहे. तर म्हणाले, "मग सार्वजनिक सायकल सकाळी साडेपाचला माझ्या गेटवर ठेवायची हमी द्या, आत्ता कुलूप काढतो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी चेनला तेलसुद्धा घातलं होतं, जे आमच्याकडून महिनाभर झालं नव्हतं.

आता यातली गोम ऐका. ही सायकल आमच्या साप्ताहिक तक्त्यात "चोरी" या रकान्यात होती. बॅटरी उतरली की चोरी, सिम बंद पडलं की चोरी, तळघरात गेली की चोरी. उलट एक पेडल नसलेली, सीट गोल फिरणारी, ब्रेकचे रबर गळून पडलेले अशी सायकल चौकात उभी असेल आणि तिचं कुलूप बोलत असेल, तर ती "उपलब्ध". वरच्यांना दिसायचं ते एवढंच. मग पहिल्यांदा ॲप उघडणारी कॉलेजची मुलगी पेडल नसलेली सायकल सोडवणार, दुसरी सोडवणार, आणि तिसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसणार. खऱ्या चोऱ्या झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही. वस्तीतल्या पोरांनी दगडाने कुलपं फोडलेली मी पाहिलीत, आणि कालव्यातून चिखलासकट सायकल वर ओढलीय. पण साहेबांच्या त्या रकान्यावरून तुमच्या भाऊजींपर्यंत जी बातमी पोचली, तिच्यात चोर कमी आणि उतरलेल्या बॅटऱ्या जास्त होत्या.

मला हे एवढं लागतं, कारण आमचं घरच भाड्याच्या सायकलींवर चाललंय. कसबा पेठेत वडिलांचं दुकान होतं. काळ्या सायकली, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, पोरांसाठी अर्धी आणि पाऊण, तासाचे दर पाटीवर खडूने. वहीत नाव, वेळ आणि तिसरा रकाना "कोणाचा". त्यात "तांबट आळी, वरचा मजला, बाप रेल्वेत" असं काहीतरी लिहिलेलं असायचं. अनामत नाही, ओळखपत्र नाही. सायकल परत आली की पैसे घ्यायच्या आधी वडील पुढचं चाक उचलून एक गिरकी द्यायचे. चाक कुठे लागतंय का, आऊट आहे का, छर्रे बोलतायत का, त्या एका गिरकीत कळायचं. पोरगं धडपडून आलेलं असलं तर हँडल वाकडं असणारच. मग चाक दोन गुडघ्यांत धरून हँडलला एक हिसका, आणि पोराला, "लागलं का रे कुठे?" पुढच्या गिऱ्हाइकाला सायकल सरळ मिळायची. सगळ्या योजनेतलं महत्त्वाचं काम हेच आहे: प्रत्येक फेरीनंतर कोणीतरी सायकलीला हात लावला पाहिजे.

म्हणून एकदा मीटिंगमध्ये मी बोललो. पडद्यावर साहेबांचा रंगीत नकाशा चालू होता. मी म्हटलं, पुण्यात अजून गल्लोगल्ली सायकलवाले आहेत. प्रत्येक स्टँड जवळच्या सायकलवाल्याला बांधून द्या. महिन्याला ठरावीक पैसे, वर फेरीमागे थोडे. तो हवा भरेल, ब्रेक बघेल, रात्री आत ओढेल, सकाळी बाहेर काढेल. त्याच्या दारातली सायकल चोरायला माणूस दहादा विचार करेल. टेम्पोचा अर्धा खर्च तिथेच वाचतो. साहेब हसले. म्हणाले, "वुई आर अ टेक्नॉलॉजी कंपनी. आपल्याला पंक्चरवाल्यांचं नेटवर्क नाही उभं करायचं." खोलीत सगळे हसले. मी पंक्चरवाल्याचा मुलगा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

घरी वडिलांना सांगितलं. ते तोवर दुकानातून निवृत्त झाले होते. मला वाटलं चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, "हवा कोण भरतं?" मी म्हटलं, ठोस रबराचे टायर आहेत, हवा लागतच नाही. "मग चढाला चालवणाऱ्याचे गुडघे कोण भरून देतं?" आणि पेपर वर घेतला.

पुढे ठेका संपला. शेडमध्ये उरलेल्या सायकली भंगारवाल्याने किलोवर नेल्या. आधी हातोड्याने कुलपं फोडून सिम आणि बॅटऱ्या वेगळ्या काढल्या, मग फ्रेम एकावर एक रचल्या. त्यातल्या निम्म्या तरी दोन-चार पाने फिरवून रस्त्यावर आल्या असत्या. मी चार सायकली विकत मागितल्या, तर उत्तर आलं की तशी पॉलिसी नाही.

आणि परवा त्याच साहेबांनी लिंक्डइनवर भलंमोठं लिहिलंय की भारतीय ग्राहक अजून सामायिक वापराला "तयार नव्हता". खाली लोकांनी टाळ्या वाजवल्यात. साहेब, ग्राहक सकाळी साडेपाचला तयार होता, साखळी-कुलूप घेऊन. तयार तुम्ही नव्हता.

असो. तुमच्या गावाचं. मैसूरला ट्रिन ट्रिन नावाची योजना जून 2017 मध्ये सुरू झाली, 450 सायकली, 48 स्टँड. सायकल स्टँडवरूनच घ्यायची आणि स्टँडलाच लावायची, कुठेही टाकून जायचं नाही. आपल्याकडच्या मध्यम शहरांनी तीच शिकवणी लावावी. पसरत जाण्यापेक्षा थोडक्या जागी दाट स्टँड हवेत: बसस्थानक, कॉलेज, बाजारपेठ, तहसील. आणि नुसत्या भाड्यावर ही योजना सहसा चालत नाही. व्हेलिबच्या पहिल्या ठेकेदाराने बदल्यात शहरातल्या जाहिरात फलकांचे हक्क घेतले होते. न्यूयॉर्कची योजना 2013 मध्ये एका बँकेचं नाव अंगावर घेऊन उतरली. चीनमधल्या हांगझोऊत 2008 पासून ती सरकारीच आहे, पहिला तास फुकट. तुमच्या नगरपरिषदेला कोणी "आम्हाला एक पैसा नको, फक्त जागा द्या" म्हणत असेल तर तो दीड वर्षात जाणार.

वडिलांच्या दुकानाचं मी फार गोडवे गातोय असं वाटेल, तर दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, दुकान रात्री नऊला बंद व्हायचं आणि सोमवारी सुट्टी. पहाटेची गाडी पकडणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. दुसरी जास्त टोचते. वहीतला तो "कोणाचा" रकाना सगळ्यांना सारखा नव्हता. आळीतल्या पोराला सायकल लगेच मिळायची, नदीकाठच्या वस्तीतल्या पोराला वडील दोनदा विचारायचे आणि कधी "नाहीये रे शिल्लक" म्हणायचे. ॲपने ते कधी विचारलं नाही, हे ॲपचं श्रेय आहे आणि मी ते काढून घेणार नाही. अर्थात ॲपला स्मार्टफोन लागायचा. म्हणून मी म्हणतो, कुलूप यंत्राचं ठेवा आणि हात माणसाचा ठेवा. दोघांपैकी एकावर सगळं टाकलं की बोंब होते.

उतार-चढाव, रस्त्यांची रुंदी, गाड्यांचा वेग, हे तुमच्या गावाचं मला माहीत नाही, त्यामुळे चालेल की नाही याची खात्री देत नाही. फुटपाथवर टपऱ्या आणि रस्त्यावर डंपर असतील तर कितीही चांगली सायकल द्या, आई पोरीला पाठवणार नाही, आणि बरोबरच आहे तिचं.

पासबद्दल विचारलंत. नगरपरिषदेत जाऊन निविदेची प्रत बघायला मागा, देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका. त्यात दुरुस्तीचा माणूस किती सायकलींमागे एक, मोडलेली सायकल किती तासांत उचलायची, आणि नाही उचलली तर दंड किती, हे लिहिलंय का ते बघा. गावातल्या एखाद्या सायकलवाल्याचं नाव त्यात कुठे असेल तर बेधडक वार्षिक पास काढा. नुसतंच ॲप, जीपीएस, डॅशबोर्ड असेल तर महिन्याचा काढा, आणि भाऊजींना पहिल्या आठवड्यात स्वतः चालवून बघायला सांगा. अनामत मागितली तर मात्र अजिबात देऊ नका.