ऑफिस झेपत नाही म्हणून संपादन सोडू नकोस

अगं, ऑफिस झेपत नाही म्हणजे ही संपादनाची लाईनच आपली नाही असं समजायचं का हे तू विचारलंस ना, तर नाही. ऑफिस झेपणं वेगळं आणि संपादन जमणं वेगळं, तुझ्यासारखीच ऑटिस्टिक असलेल्या मला हे कळायला पंधरा वर्षं लागली म्हणून जरा सविस्तर लिहितेय, एका बैठकीत नाही वाचलंस तरी चालेल.

माझी पहिली नोकरी एका प्रकाशनात होती. मोठा हॉल, सगळ्यांची टेबलं एकमेकांना चिकटून, वर ट्यूबलाईटची बारीक गुणगुण जी माझ्याशिवाय कोणालाच ऐकू यायची नाही आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी "एकच मिनिट हं" म्हणत यायचं. माझी पानं चांगली व्हायची, ते सगळेच म्हणायचे, पण संध्याकाळी घरी आल्यावर तोंडातून शब्द फुटायचा नाही, दिवे बंद करून पडून राहायचे. दीड वर्षात सोडली नोकरी, आणि मनात एकच की आपणच कच्चे. ऑटिझमचं निदान झालं ते थेट ४१ व्या वर्षी, तोपर्यंत मी या सगळ्याला स्वभाव म्हणत होते आणि तो सुधारायला बघत होते.

तुलाही लोक 'फारच सेन्सिटिव्ह' म्हणतात असं लिहिलंयस. २०१३ मध्ये डीएसएम-५, म्हणजे मानसिक निदानांचं अमेरिकन मॅन्युअल, आलं ना, त्यात आवाज, उजेड, स्पर्श खूप जास्त किंवा खूप कमी जाणवणं हे ऑटिझमच्या निकषांमध्येच घेतलंय. म्हणजे तुझे ते हेडफोन हा नखरा नाहीये. संवेदनशील असलेलं प्रत्येक माणूस ऑटिस्टिक असतं असं नाही हे खरं, पण तुझ्यात दोन्ही आहे आणि दोन्ही घेऊनच काम शोधायचंय.

संपादन म्हणजे एकच काम नाही हे तुला माहितीये, पण त्यातलं कुठलं काम आपल्याला किती दमवतं हे कधी बघितलंयस का? पुस्तकाचा सांगाडा बदलायचा, प्रकरणं हलवायची, तर लेखकाशी महिनोन्‌महिने बोलावं लागतं, त्याचं मन राखावं लागतं. वाक्यावाक्यावर काम करायचं तर कान लागतो. कॉपीएडिटिंगला, म्हणजे भाषा आणि तपशील तपासायला, आणि मुद्रितशोधनाला, म्हणजे छापण्याआधीची प्रूफं वाचायला, नजर लागते आणि माणसं कमी लागतात. कोश, सूची, पाठ्यपुस्तकं, विज्ञानाची पुस्तकं यात तर सुसंगतीला फार किंमत आहे, पान ४० वर एक स्पेलिंग आणि ३१० वर दुसरं हे तुला जसं टोचतं तसं टोचणारं माणूस तिथे हवंच असतं. पण ऑटिस्टिक आहेस म्हणून प्रूफंच वाच असं मी अजिबात म्हणणार नाही. मी स्वतः कादंबऱ्या करते, वाक्याचा ताल चुकला की मला पोटात कळतं. तू कुठे रमतेस ते तुझं तूच बघ, फक्त काम झाल्यावर किती थकलीस तेही सोबत लिहून ठेव, एक महिनाभर तरी.

आता क्वेऱ्या, म्हणजे हस्तलिखित वाचताना लेखकाला विचारायच्या शंका. यावर मी जास्त लिहिणार कारण इथे मी सगळ्यात जास्त मार खाल्लाय. एका जाड कादंबरीत मला २१४ शंका निघाल्या, नायिका अकरा महिने गरोदर, एक पात्र आधी डावखुरं आणि पुढे उजव्या हाताने सही करतं, असं बरंच. मी सगळ्या २१४ एकापाठोपाठ एक लिहून पाठवल्या, एकही 'कृपया' नाही, कारण माझ्या मते मी मदत करत होते ना. लेखकाने हस्तलिखित परत मागितलं. मी चार रात्री झोपले नाही आणि मला खरंच कळत नव्हतं की चुकलं कुठे, चुका तर सगळ्या बरोबर काढल्या होत्या.

पुढे कळलं की त्यातल्या दीडशे तर मी स्वतः दुरुस्त करून स्टाईलशीटमध्ये, म्हणजे त्या पुस्तकापुरत्या ठरवलेल्या गोष्टींच्या यादीत, नोंदवायच्या होत्या, लेखकाला विचारायच्याच नव्हत्या. ज्याचं उत्तर फक्त लेखकच देऊ शकतो तेवढंच विचारायचं. आणि 'हे चूक आहे' असं लिहायच्या ऐवजी आपण वाचताना कुठे अडखळलो ते लिहायचं, 'आधीच्या प्रकरणात पाऊस थांबला होता, इथे परत भिजलेत, मधे रात्र गेली का?' असं. हे मुखवटा घालणं, म्हणजे आपला ऑटिझम लपवून वागणं, नाहीये हां, कारण तू खरंच अडखळलेली असतेस. आणि एखादं सुंदर वाक्य दिसलं की तेही मार्जिनमध्ये लिही, तुला ते वाटतं पण तू सांगत नाहीस, समोरच्याला आपोआप कळेल असं आपण धरून चालतो.

डेमियन मिल्टन या संशोधकाने २०१२ मध्ये डबल एम्पथी प्रॉब्लेम मांडला, की ऑटिस्टिक आणि बाकीची माणसं यांच्यात जो गैरसमज होतो तो दोन्हीकडून होतो, आपल्यालाच समजत नाही असं नसतं. ते वाचून मी रडले होते. आपल्या कामात एक बरं आहे की सगळं कागदावर असतं, लेखकाची चिडकी मेल दुसऱ्या दिवशी परत वाचता येते, आपलं उत्तर तीनदा बदलता येतं, समोरासमोर ती सवड कुठे मिळते?

अजून एक जे मला कोणी सांगितलं नव्हतं. वाचक पुस्तक एकदा वाचतो, आपण तीन-चार वेळा, तेही शब्द न शब्द. म्हणजे त्यात मारहाण असेल, लहान मुलाचा मृत्यू असेल, तर ते तितक्या वेळा आपल्या अंगावर येतं. काम घ्यायच्या आधी सरळ विचार की पुस्तकात काय आहे आणि मधली दहा पानं मागव, सुरुवातीची नको, सुरुवात सगळेच नीट करतात. नाही म्हणावंसं वाटलं तर नाही म्हण, कारण द्यायची गरज नाही. घेतलंसच तर शुद्धलेखनाची शेवटची फेरी परिच्छेद उलट्या क्रमाने वाचून कर, गोष्ट तुटते आणि फक्त शब्द उरतात, चुकाही जास्त सापडतात.

फ्रीलान्सचं विचारलंस. शांतता मिळते, एका वेळी एकच पुस्तक घेता येतं आणि आपल्यासाठी ते फार मोठं आहे, डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मोनोट्रोपिझमबद्दल लिहिलं होतं की ऑटिस्टिक लक्ष एका बोगद्यात खोल जातं, त्यातून कोणी ओढून काढलं की नुसती पाच मिनिटं जात नाहीत, अख्खी सकाळ जाते. पण फ्रीलान्समध्ये पैसे उशिरा येतात, स्वतःचं काम स्वतः मागावं लागतं आणि ती अनिश्चितता काही जणांना ऑफिसपेक्षा जास्त खाते. तुला खाईल असं मला वाटतं, तू प्लॅन बदलला की दिवसभर बेचैन असतेस. म्हणून मी म्हणेन आधी अर्धवेळ नोकरी, घरून, आणि बाजूला एखादं पुस्तक.

मुलाखतीत निदान सांगायचं का हे तुझं तू ठरव. मी एकदा सांगितलं तर वरिष्ठ माझ्याशी लहान मुलासारखं हळू बोलायला लागले, दुसरीकडे सांगितलं तर तिथल्या बाईंनी त्याच दिवशी माझी खुर्ची खिडकीजवळच्या कोपऱ्यात हलवली. निदान न सांगताही गरज सांगता येते, सूचना लेखी द्या, मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी पाठवा, डेडलाईन बदलली तर तोंडी नको. चांगल्या संपादकीय विभागात हे असं मागणं कोणालाच विचित्र वाटत नाही.

तुला ज्या प्रकाशनाने टेस्ट म्हणून पानं दिलीयत, त्यांची ती पानं करताना घड्याळ लाव, तासाला किती पानं होतात ते लिही, दर ठरवायला तोच आकडा लागेल. आणि क्वेऱ्या पाठवायच्या आधी मला दाखव, कुठल्या ठेवायच्या ते आपण दोघी बसून बघू, फोनवर नको, फाईलमध्येच.