इंग्रजीत अंतर सांगताना 'फ्रॉम', 'अवे फ्रॉम', 'फार फ्रॉम' की 'ऑफ'?

आकडा असेल तर 'फार' नको. विषय संपला. 'खानापूर इज ट्वेंटी सिक्स किलोमीटर्स फ्रॉम बेळगाव' बरोबर, मधे 'अवे' घातलंत तरी बरोबर, 'ट्वेंटी सिक्स किलोमीटर्स फार' चूक. आमच्या भागात ही चूक पक्की बसते, कारण मराठीत '२६ किलोमीटर लांब' चालतं आणि कन्नडमध्येही 'दूर' तसंच आकड्यामागून येतं. त्यामुळे शेजाऱ्याला विचारून उपयोग नाही, तोही मान डोलावतो.

'ऑफ'चं, म्हणजे दोन एफवाल्या 'ऑफ'चं, विचारलंत म्हणून मात्र लिहायला बसलो.

भाचीच्या लग्नाची पत्रिका होती. आमच्याकडे मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लागतात. कन्नड मजकूर शेजारच्या अण्णांनी लिहून दिला, त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. इंग्रजी पत्ता मी लिहिला: हॉल खानापूर रस्त्यावरच्या पिरनवाडी गावाला, 'वन किलोमीटर ऑफ द खानापूर रोड'. आमचे भावोजी बेळगावच्या कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत शिकलेले, आता पुण्यात नोकरीला. प्रूफ बघून हसले. "ऑफ म्हणजे बंद. पंख्याचं बटण आहे काय ते?" आणि लाल पेनानं 'वन किलोमीटर फार फ्रॉम पिरनवाडी' करून टाकलं. मी मराठी माध्यमाचा, ते नवरीचे वडील. बोलणार काय?

'ऑफ' म्हणजे रस्ता सोडून आत. 'फ्रॉम' नुसतं अंतर सांगतं, वळायचं की सरळ जायचं हे सांगत नाही. कोल्हापूरची मंडळी पिरनवाडीवरून सरळ पुढच्या मच्छे गावाला गेली, तिथं विचारत विचारत मागे फिरली आणि अक्षता पडून गेल्यावर थेट पंगतीला पोचली. भावोजींनी खापर फोडलं ड्रायव्हरवर. इंग्रजी शाळेत गेलं की इंग्रजी येतं, हा समज बेळगावात अजून घट्ट आहे. शाळा कुठली हे न विचारता व्याकरणाचं पुस्तक उघडा, एवढंच माझं म्हणणं.

बाकीचं थोडक्यात. दूरवर राजहंसगड दिसतो तेव्हा 'इन द डिस्टन्स', आपण तो दुरून बघतो तेव्हा 'फ्रॉम अ डिस्टन्स'. 'अ‍ॅट अ डिस्टन्स ऑफ' (हा 'ऑफ' एका एफचा, वेगळा) चूक नाही, पण ते सरकारी कागदाला शोभतं, बोलण्यात जड वाटतं. 'बिटवीन बेळगाव टू धारवाड' लिहू नका, 'बिटवीन'ला 'अँड' लागतो. 'टू' हा 'फ्रॉम'चा जोडीदार.

हो, एक राहिलं. 'फार' अगदीच वर्ज्य नाही. 'हाउ फार' विचारा, 'नॉट फार फ्रॉम द स्टँड' म्हणा, दोन्ही चालतं, कारण तिथं आकडा नाही. आणि माझं ऐकून 'ऑफ' सगळीकडे चिकटवू नका. रस्त्याला, समुद्रकिनाऱ्याला तो लागतो, 'टू किलोमीटर्स ऑफ बेळगाव' नको. ते लिहिलंत तर भावोजी हसतील, आणि तेव्हा मला त्यांचीच बाजू घ्यावी लागेल.