शाळेतून फोन आला तर कोण पोचणार?

"मॅडम, घर परवडतं तिथे चांगली शाळा नाही, आणि शाळा आहे तिथे घर परवडत नाही." शाळाप्रवेशाचे अर्ज निघू लागले की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दर आठवड्याला ऐकू येतं.

त्यातल्याच एका जोडप्याची ही गोष्ट, त्यांच्या परवानगीने आणि ओळखीचे तपशील बदलून. घाटकोपरला भाड्याची खोली, मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार. नवऱ्याची नोकरी फोर्टात, बायकोची मुलुंडला. त्याला कर्ज काढून बदलापूरला फ्लॅट घ्यायचा होता. तिला ठाण्यात, एका नावाजलेल्या शाळेजवळ भाड्याने राहायचं होतं. सहा महिने घरात दुसरा विषय नव्हता.

पहिल्या दोन भेटींत मी त्यांच्या बोलण्यातले 'च' ऐकत होते. "घर स्वतःचंच हवं." "तिला त्याच शाळेत घालायचं." 'हवं'चं 'हवंच' केलं की माणूस स्वतःच त्रास ओढवून घेतो, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस सांगत. त्यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे, आणि मराठीत काम करताना तो वाढतच गेलाय. माणूस कुठे अडलाय ते आपल्या भाषेत एका अक्षरात कळतं. इच्छेला 'च' चिकटला की तिचा हट्ट होतो.

तिसऱ्या भेटीत मी एवढंच विचारलं, "दुपारी बाराला शाळेतून फोन आला, मुलीला ताप आहे, घेऊन जा. कोण पोचणार? किती वेळात?"

बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. दुपारी तिकडच्या गाड्याही कमी. "दोन तास तरी," तो म्हणाला.

"ठाण्यात असलो तर मी अर्ध्यापाऊण तासात. पण सुट्टी मिळाली तर," ती म्हणाली आणि थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी घाई केली नाही.

"आई दहा मिनिटांत पोचली असती."

तिची आई डोंबिवली पूर्वेला राहते. तीन भेटींत डोंबिवलीचं नाव एकदाही निघालं नव्हतं!

"ह्यांना सासुरवाडीजवळ राहणं आवडणार नाही, म्हणून मी विषयच काढला नाही."

"मी कधी असं म्हटलं?" तो म्हणाला. मग बराच वेळ गप्प. "म्हटलं होतं. लग्न ठरताना. घरजावई होणार नाही म्हणालो होतो."

सात वर्षं तिने ते वाक्य जपून ठेवलं होतं आणि तो विसरूनही गेला होता. तो क्षण मला आजही लख्ख आठवतो. तेव्हापासून कोणीही दोन उपनगरांची नावं घेऊन आलं की मी तिसरं, न घेतलेलं नाव शोधते. बहुतेकदा ते सापडतं.

पुढची कामं मी त्यांना वाटून दिली, तीच तुम्हालाही सांगते. फ्लॅट बघायला रविवारी जाऊ नका. सोमवारी सकाळी आठला त्या स्टेशनवर उभे राहा, गाडीत चढून बघा. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी थांबा, मुलांचे चेहरे बघा, पालकांशी बोला. शिक्षक टिकतात का, दहावीपर्यंत वर्ग आहेत का, दरवर्षी फी किती वाढते, हे विचारा. शाळेला सरकारी मान्यता आहे ना, ते कागदावर बघा. प्रवेशासाठी देणगी मागणं किंवा मुलाची, पालकांची मुलाखत घेणं शिक्षणहक्क कायद्याच्या १३व्या कलमाने मना आहे. मुलाखतीच्या धास्तीने कित्येक आईबाप झोप घालवतात, म्हणून मुद्दाम सांगते. हप्त्यात सोसायटीचा मेंटेनन्स आणि पाण्याच्या टँकरचा खर्च मिळवा. आणि शक्य असेल तर आधी अकरा महिने भाड्याने राहून बघा.

त्यांनी तेच केलं. डोंबिवली पूर्वेला घर, चालत सात मिनिटांवर शाळा, फारशी नावाजलेली नाही. करार संपत आला तेव्हा ते पुन्हा भेटायला आले. विकत घ्यायचं की नाही यावर अजून एकमत नव्हतं. बोलता बोलता त्याने घड्याळ बघितलं आणि फोन लावला, "आई, आम्हाला उशीर होईल. तिला जेवायला घाला, मी न्यायला येतो."